महाड ते दहिवडी : पावसाळी वाऱ्याच्या मागोमाग

सह्याद्री उभा पाहिला तर त्याचा पाऊस हळूहळू बदलतो. तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत १६०० किलोमीटरची ही रांग, आणि शेकडो किलोमीटर गेल्यावर कुठे फरक जाणवतो. आडवा ओलांडला तर मात्र दर दहा-पंधरा किलोमीटरला आभाळ वेगळं. म्हणून भर जुलैत तो आडवाच ओलांडायचं ठरवलं. महाडहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, पुढे पाचगणी, वाई, सातारा आणि शेवटी माण तालुक्यातलं दहिवडी. सरळ रेषेत हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरतं. सगळा प्रवास एसटीने.

सोबत दादा, माझा मोठा भाऊ. त्याची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. त्याने पिशवीत प्लास्टिकचं एक पर्जन्यमापक घेतलं होतं. मुक्कामाला ते उघड्यावर मांडायचं आणि सकाळी साडेआठला वाचायचं, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठलाच संपतो.

सोमवार : महाड

दुपारी उतरलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता, तरी अंगावरचा घाम वाळेना. तापमान २८ अंश, म्हणजे फार नव्हे. पण अरबी समुद्रावरून पाणी पीत आलेल्या हवेत इथे पोचेपर्यंत आणखी ओल मावायला जागाच उरलेली नसते. मादागास्करच्या पूर्वेला समुद्रावर या दिवसांत जास्त दाबाचं क्षेत्र असतं. तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडून उजवीकडे वळतात, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वेग घेतात आणि नैऋत्येकडून आपल्या किनाऱ्यावर येतात. केरळात १ जून, मुंबईत ११ जून या त्यांच्या सरासरी तारखा. महाडच्या खाचरांत ते वारे आता पूर्ण रुळले होते. लावणी उरकत आलेली, बांधावर रोपांच्या मुठी पडलेल्या, बायका कमरेत वाकलेल्या. पाठीवर इरलं एखादीच्याच, बाकी सगळ्यांच्या पाठीवर प्लास्टिक.

बाजारपेठेत एका कापडाच्या दुकानात शिरलो. खालची फडताळं जवळजवळ रिकामी, गठ्ठे सगळे पोटमाळ्यावर. दुकानदार म्हणाले, "जूनमध्ये माल वर चढवतो, गणपती आले की खाली आणतो." इथे पाऊस किती झाला, असं दादाने विचारलं, तर त्यांनी हात झटकला. "साहेब, महाडात किती पडला त्याला आम्ही विचारत नाही. महाबळेश्वरला किती पडला ते सांगा."

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. सावित्री महाबळेश्वरच्या कड्यांतून उतरते. वर रात्री कोसळलेला पाऊस सकाळी महाडात असतो. गांधारी आणि काळ या नद्याही याच शहराजवळ तिला मिळतात. खालून बाणकोटच्या खाडीची भरती चढलेली असली तर वरून आलेल्या पाण्याला पुढे सरकायला वाट राहत नाही. म्हणून इथल्या लोकांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत भरती-ओहोटीच्या वेळांवर पेनाने खुणा केलेल्या असतात. २२ जुलै २०२१ च्या पुराच्या रेषा अजून बऱ्याच भिंतींवर दिसतात. आम्ही त्या पाहिल्या. कुणाला त्या रात्रीबद्दल विचारलं नाही. दोघा-तिघांनी आपणहून सांगितलं.

संध्याकाळी पुन्हा झड लागली. पर्जन्यमापक लॉजच्या गच्चीत मांडून झोपलो.

मंगळवार : आंबेनळी घाट

सकाळी मापक अर्ध्याच्या वर भरलेलं होतं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, त्यामुळे दादाला त्याचं अप्रूप वाटलं नाही. त्याने वहीत आकडा लिहिला, पाणी ओतलं आणि आम्ही महाबळेश्वरची गाडी पकडली.

महामार्गावरचा सावित्रीचा नवा पूल ओलांडताना गाडीतली बोलणी थांबतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बस माणसांसकट नदीत गेल्या. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी पुलावर हात जोडले.

पोलादपूर सोडलं की रस्ता चढायला लागतो आणि पावसाचं कारण डोळ्यांसमोर उभं राहतं. समुद्रावरून सपाटीने आलेल्या वाऱ्यापुढे अचानक हजार-बाराशे मीटरची भिंत येते. बाजूने निघून जायला वाट नाही, कारण भिंत सलग आहे. वारा वर चढतो. वर दाब कमी, म्हणून हवा पसरते आणि पसरताना थंड होते. महाडची हवा इतकी ओली असते की चारशे-पाचशे मीटर वर गेली तरी तिच्यातली वाफ थेंब धरते. तिथेच ढगाचा तळ. दादाने मोबाइलवर उंची लावून ठेवली होती. एका वळणापर्यंत खालची खाचरं स्वच्छ दिसत होती, पुढच्या वळणावर चालकाने दिवे लावले आणि समोरच्या वाहनाचे फक्त पिवळे ठिपके उरले. आम्ही ढगात शिरलो होतो. तिथून वर महाबळेश्वरपर्यंत ढगाबाहेर आलोच नाही.

घाटातल्या वाऱ्याचा जोर खिडकीतून हात काढला की कळत होता. दरीच्या तोंडाशी एका कड्यावरून पडणारी धार खाली पोचतच नव्हती. वारा तिला परत वर उडवून देत होता. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात आणि मोबाइल घेऊन पाहायला जातात. मला त्यात वाऱ्याची ताकद दिसली. पाणी वर फेकणारा वारा ओल्या हवेला किती वेगाने वर ढकलत असेल!

दरडींबद्दल मात्र जरा थांबून लिहायला हवं. आंबेनळीत जागोजागी ताज्या मातीचे लाल ओरखडे होते, कडेला जेसीबी उभं होतं, काही ठिकाणी डोंगराला लोखंडी जाळी मारलेली होती. सह्याद्रीचा बेसाल्ट टणक असतो, पण त्याच्यावर लाखो वर्षं झिजून साचलेल्या मातीचा आणि मुरमाचा थर असतो. महिनाभराच्या पावसाने तो थर पाणी पिऊन जड होतो. मग एका रात्रीत शेकडो मिलिमीटर कोसळले की तो खडकावरून सुटतो. उतार कापून रस्ता काढला, प्लॉट पाडले, झाडं तोडली की तो आणखी लवकर सुटतो. २२ जुलै २०२१ ला याच महाड तालुक्यातलं तळिये गाव असंच गेलं. ऐंशीहून अधिक माणसं मेली. त्याआधी ३० जुलै २०१४ ला माळीण, नंतर १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी. तिन्ही जुलैत. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली दिलेल्या अहवालात या डोंगरांना कुठे हात लावू नये ते सांगितलेलं होतं. तो अहवाल राज्यांनी स्वीकारला नाही. मला याची चीड येते आणि ती लपवावी असं वाटत नाही. पाऊस आपला नेहमीच्या वाटेने येतो, भिंतीवर चढतो आणि पडतो. तो कुठे पडणार हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

वाडा कुंभरोशीला, प्रतापगडाच्या फाट्यावर, गाडी थांबली. चहा घेतला. गड समोर असूनही दिसला नाही.

बुधवार : महाबळेश्वर

दिवसभर पाऊस. वाढला, कमी झाला, पण तुटला नाही.

मुक्काम एका घरगुती निवासात होता. घराच्या पश्चिमेच्या भिंतीला पत्रे आणि निळं प्लास्टिक ठोकलेलं. पूर्वी या भिंतींना गवताचे झाप बांधत, असं घरच्या मावशींनी सांगितलं. पाऊस इथे वरून कमी आणि समोरून जास्त येतो; उघडी भिंत चार महिने तो सोसत नाही. स्वयंपाकघरात शेगडीवर दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले. मीठ पाणी होऊन बरणीच्या तळाला बसलेलं. काड्यापेटी मावशी चुलीजवळच्या फळीवर डब्यात ठेवतात. "चार महिने आमी असंच राहतो," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक न्हाई, भाजी मिळंल ती. पण पाऊस न्हाई पडला तर मग खालच्यांनी काय करायचं?"

सकाळी साडेआठला पाहिलं तर मापक भरून सांडलेलं. किती सांडलं ते कळायला मार्ग नव्हता. दादाने वहीत "काठोकाठ, पुढचं माहीत नाही" असं लिहिलं. महाबळेश्वरची उंची सुमारे १३७० मीटर, आणि वर्षाची सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटरच्या घरात. त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात, आणि सर्वांत जास्त जुलैत. २३ जुलै २०२१ ला सकाळी संपलेल्या चोवीस तासांत इथे ५९४ मिलिमीटरची नोंद झाली. वाई तालुक्यात अख्ख्या पावसाळ्यात जेवढा पडतो जवळजवळ तेवढा, एका दिवसात. मावशींचं "खालच्यांनी" म्हणजे दोन्हीकडचे. त्या दिवशी पश्चिमेकडचे बुडाले.

सबंध दिवस घरात बसून एक गोष्ट मात्र ध्यानात आली. इतका पाऊस, पण एकदाही गडगडाट नाही. वीज नाही. थेंबही बारीक. कधी तर पडतोय की नुसता तरंगतोय ते कळू नये, आणि तरी अंगणात पाणी खळखळत वाहत होतं. याचं कारण ढगाच्या उंचीत आहे. गडगडाट व्हायचा तर ढगाला गोठणपातळीच्या, म्हणजे साधारण पाच किलोमीटरच्या, बऱ्याच वर जाऊन त्यात बर्फाचे कण तयार व्हावे लागतात. घाटमाथ्यावरचे पावसाळी ढग बहुतेक वेळा तेवढे वाढतच नाहीत. ठेंगणे असतात, पण वारा सतत नवी ओल पुरवत राहतो म्हणून ते संपत नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये इथे ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली, ती अगदी योग्य जागी. ढग मोजायला इथे विमान लागत नाही. चार महिने ते खिडकीतूनच आत येतात.

दुपारी जरा उघडीप वाटली म्हणून क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. उघडीप नव्हतीच, फक्त उजेड थोडा वाढला होता. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं. भाविकांची श्रद्धा त्यांच्या जागी आहे. मला तिथे उभं राहून जलविभाजकाची जाणीव झाली. याच माथ्यावर पडलेला एक थेंब पश्चिमेला घरंगळला तर सावित्रीतून शंभरेक किलोमीटरांत अरबी समुद्रात परत. वाव-दोन वाव पूर्वेला पडला तर कृष्णेतून १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला. कोयना तिला कराडला भेटते, वेण्णा माहुलीला. आंध्रात भात पिकतो त्यात या धुक्याचा वाटा आहे.

मावशींना हिवाळ्याबद्दल विचारलं. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तळ्याच्या काठी पहाटे दव गोठतं, गाड्यांच्या टपावर पांढरा थर बसतो. गावात तेवढं नाही, तळ्याकडेच. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन उष्णता सोडते, थंड हवा जड होऊन खोलगट भागात उतरते आणि तळ्याच्या बाजूला साचते. स्ट्रॉबेरीवाल्यांची त्या दिवसांत झोप उडते. पावसाळ्यात रोपं इथे टिकत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस मागे हटला की लागवड. एकाच गावात वर्षाला दोन टोकाची हवामानं, आणि शेतकरी त्यांच्या मधल्या फटीत पीक घेतात.

गुरुवार : पाचगणी आणि वाई

या दिवसाने मला सर्वांत जास्त थक्क केलं, आणि त्याला तास-दीड तासच लागला.

महाबळेश्वरहून गाडी निघाली तेव्हा काचेवर धुकं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना जांभूळ, अंजनी, हिरडा अशी बुटकी, शेवाळाने मढलेली दाट झाडी. सहा-सात किलोमीटर गेल्यावर पाऊस बारीक झाला. आणखी थोडं पुढे धुक्याला भोकं पडायला लागली. पाचगणी, फक्त एकोणीस किलोमीटरवर, सिल्व्हर ओकची सरळ झाडं, आणि रस्त्यावर आमच्या सावल्या! टेबललँडवर चढलो. जांभ्याचं सपाट पठार, त्यावर नुकतं उगवलेलं गवत, मधूनच एखादी भुरभुर येऊन जाणारी. उंची १३०० मीटरच्या आसपास, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा फार कमी नाही. पाऊस मात्र वर्षाला दोन हजारांच्याही आत, तिथल्या एक तृतीयांश. भूगोलाच्या पुस्तकात हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण पश्चिमेला वळून महाबळेश्वरच्या बाजूला राखाडी ढगाचा सलग पडदा आणि आपल्या डोक्यावर निळा तुकडा एकाच वेळी पाहिल्याशिवाय ते पटत नाही.

पारशी पॉइंटवरून धोम धरणाचं पाणी आणि कमळगड दिसत होता. ढग माथ्यावरून आमच्याकडे येत होते आणि येता येता विरत होते. मी एक ढग नजरेने धरून ठेवला. दरीच्या मध्यापर्यंत आला आणि संपला. पडला नाही, नुसता संपला. माथा ओलांडलेली हवा पूर्वेकडे खाली उतरते, उतरताना दाबली जाऊन गरम होते, आणि गरम हवेत ढगाचे थेंब पुन्हा वाफ होऊन जातात.

पसरणीचा घाट उतरून वाईला पोचलो तर गणपतीच्या घाटाच्या पायऱ्या कोरड्या. लोक उन्हात बसलेले. कृष्णेला मात्र गढूळ पाणी होतं. वाईची वार्षिक सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर. म्हणजे सकाळी जिथे जेवलो आणि दुपारी जिथे जेवलो त्यांच्यात तीसेक किलोमीटरचं अंतर आणि पावसात सातपटीचा फरक. हळदीच्या सरींना पाणी सोडलेलं दिसलं. जुलैत, महाबळेश्वरच्या पायथ्याशी, पिकाला पाटाचं पाणी!

दादा म्हणाला, "धरणं पूर्वेला का बांधली ते आता कळलं?" पाऊस जिथे पडतो तिथे उतार तीव्र, वाहून जातो, जिथे माणसं आणि सपाट जमीन आहे तिथे तो पडत नाही. धोम, कण्हेर, उरमोडी, कोयना, सगळी धरणं या दोहोंच्या सांध्यावर आहेत.

शुक्रवार : सातारा आणि चाळकेवाडी

साताऱ्यात वर्षाला हजारेक मिलिमीटर होतो, मधलंच गाव. तिथे फार न रेंगाळता ठोसेघरच्या वाटेने चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. कासला फुलं ऑगस्टच्या अखेरीस, तेव्हा ते यंदा वगळलं.

चाळकेवाडीला पवनचक्क्या आहेत, नजर पोचेल तिथपर्यंत. गाडीतून उतरताना दार हाताने उघडलं नाही, वाऱ्यानेच ओढून नेलं. बोललेलं ऐकू येईना. हा तोच वारा, महाडच्या खाचरांवरून आलेला, आंबेनळीत धबधबा उलटवणारा. जून ते सप्टेंबर या पवनचक्क्यांचा सुगीचा काळ. हिवाळ्यात पाती मंद फिरतात. इथे येईपर्यंत मी वारा म्हणजे पाऊस असंच धरून चालले होते. पठारावर पहिल्यांदा वारा होता आणि पाऊस नव्हता. ढग डोक्यावरून पूर्वेकडे इतक्या वेगाने पळत होते की त्यांच्याकडे पाहून भोवळ यावी.

शनिवार : वर्धनगड ओलांडून माणदेशात

कोरेगाव मागे पडलं, वर्धनगडाचा छोटा घाट चढून उतरलो आणि जमिनीचा रंगच पालटला. बाभळी, उघड्या माळावर खुरटं गवत, दगडी ताली. पुसेगावच्या पुढे रस्त्यावर धूळ उडाली. जुलैच्या मध्यात! एका फाट्यावर पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्यामागे हंड्यांची रांग. ढग तेच, वारा तोच, फक्त खाली काहीच उतरत नव्हतं.

दहिवडीजवळच्या एका वाडीत दादाच्या जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने एका शेतकऱ्याकडे उतरलो. त्यांना सगळे आबा म्हणतात, आम्हीही म्हणालो. पडवीत बसल्यावर दादाने नेहमीप्रमाणे पावसाचा विषय काढला. माण तालुक्यात वर्षाला पाचशेच्या आसपास, अनेकदा त्याहून कमी. पण आबा आकड्यांत बोलत नव्हते. ते वाऱ्याबद्दल बोलत होते.

"मिरगाला एक सडाका झाला. त्याच्यावर निम्म्या रानात बाजरी टाकली. तवापासनं ह्ये वारं सुटलंय बघा. ढगं येत्यात आन् जात्यात. वारं पडल्याबिगर हितं पाऊस न्हाय व्हायचा."

सबंध प्रवासात मला जे जुळवायचं होतं ते आबांनी दोन वाक्यांत जुळवून दिलं. घाटमाथ्याला वारा हवा; जितका जोराचा तितका पाऊस जास्त. माणला वारा पडायला हवा. जोराचा पश्चिमेचा वारा इथे फक्त कोरडी झालेली हवा आणि पुढे ढकललेले ढग आणतो, आणि जमिनीवरून उठणारी गरम हवा सरळ वर चढून ढग वाढवू पाहते तर तिलाही मोडून टाकतो. तो मंदावला की दुपारी उष्णतेने ढग उभे वाढतात, गोठणपातळीच्या वर जातात, मग गडगडाट, विजा आणि मोठ्या थेंबांचा पाऊस. म्हणून इथला खरा पावसाळा घाटाच्या उलट्या वेळी येतो. घाटात जुलै भरात, इथे सप्टेंबर. उत्तरा आणि हस्त ही इथली महत्त्वाची नक्षत्रं. रब्बीचा शाळू, म्हणजे ज्वारी, सगळा त्यांच्यावर. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती' ही म्हण कोकणात कुणाला सुचली नसती. स्वातीत तिथे भात कापणीला आलेला असतो आणि पाऊस नको असतो.

पर्जन्यछाया हा शब्द वापरताना आपण इथे काहीतरी कमी आहे, एवढंच मनात धरतो. आबांशी बोलल्यावर मला ते अपुरं वाटायला लागलं. इथला पाऊस घाटातल्या पावसाचं उरलंसुरलं नाही. त्याची घडण वेगळी, वेळ वेगळी, आवाजही वेगळा. शेती त्याच्याच वेळेवर उभी आहे.

मेंढपाळही. संध्याकाळी वाडीच्या कडेने एक कळप आला. मेंढक्या साठीचा, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं. दिवाळी झाली की तो बिऱ्हाड घोड्यांवर घालून घाट उतरतो, आणि महाड-पोलादपूरच्या खाचरांत रात्री मेंढरं बसवतो. मोकळ्या खाचराला लेंडीखत मिळतं, त्याबदली धान्य नाहीतर पैसे. पाऊस लागायच्या आत परत माणात. "जुलैत तिकडं ऱ्हायलं तर चिखलानं मेंढराचे खूर कुजत्यात," तो म्हणाला. आम्ही एसटीने केला तो रस्ता तो दरवर्षी पायी करतो, उलट ऋतूत. सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंचं हवामान त्याच्याइतकं पूर्ण कुणाला माहीत असेल असं मला वाटत नाही.

रात्री जेवताना आबांच्या मुलाने दादाला विचारलं, "महाबळेश्वरला कितपत हाय पाऊस?" दादाने माझ्याकडे पाहिलं. कृष्णेला पूर आला तर जिहे-कठापूर उपसा योजनेचे पंप पावसाळ्यातलं जादा पाणी उचलून नेरच्या तलावात आणि पुढे बोगद्यातून आंधळीच्या धरणाकडे सोडतात. आता माणलाही महाबळेश्वरच्या पावसाची खबर ठेवावी लागते. किती वर्षं रखडून ही योजना इथवर आली ते त्या घरातल्या प्रत्येकाला तारीखवार माहीत होतं.

दादाने आपल्या नेहमीच्या गंभीरपणे एक गोष्ट सांगितली. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढले. अरबी समुद्र तापतो आहे, ओल जास्त येते, पण ती सारखी पसरून येत नाही. आबा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी तिकडं बुडायचं आन् हितं वाळायचं, एकाच सालात." तसंच.

रविवार : शिखर शिंगणापूर

सकाळी साडेआठ. मापकाचा तळ ओलासुद्धा नव्हता. बातम्यांत मात्र घाटमाथ्यावर जोर ओसरल्याचं सांगत होते, आणि अंगणातल्या कडुलिंबाकडे पाहून आबा म्हणाले, "आज कमी हाय."

पुष्य नक्षत्र लागायचंच होतं. शंभू महादेवाच्या दर्शनाला शिंगणापूरला गेलो. हा डोंगर म्हणजे सह्याद्रीचाच पूर्वेकडे गेलेला फाटा. हजार मीटरच्या वर उंची असूनही पाऊस अडवायला त्याच्यापाशी ओल शिल्लक राहत नाही. पायथ्याला मालोजीराजांनी बांधवून घेतलेलं तळं आहे. राजाने देवस्थानाला पाणी द्यावं, ही इथली जुनी गरज.

पायऱ्यांवरून उतरताना अकरा-बाराच्या सुमारास दक्षिणेला पहिला ढग उभा राहताना दिसला. इतके दिवस पाहिलेले ढग आडवे, राखाडी, कडा नसलेले होते. हा पांढरा, घट्ट, फुलकोबीसारखा, आणि डोळ्यांदेखत वर वर चढणारा. पवनचक्कीच्या पठारावर ज्या वाऱ्याने दार ओढून नेलं होतं त्याची पानभर झुळूकही लागत नव्हती. उकडायला लागलं. वाडीत परतलो तोवर आभाळाचा अर्धा भाग काळा झाला होता.

चारनंतर आधी धुळीची वावटळ आली, मग गडगडाट. घाटात दिवसभर बसून न ऐकलेला तो आवाज माणच्या उघड्या माळावर छातीत घुमत होता. वीज पूर्वेच्या टेकडीमागे पडली. आणि टपोरे, सुटे थेंब पत्र्यावर असे आदळायला लागले की पडवीत एकमेकांचं बोलणं कळेना. ओढ्याला पाणी आलं. पोरं भिजायला धावली, कुणी त्यांना अडवलं नाही. अर्ध्या तासात सारं संपलं आणि पश्चिमेला ऊन पडलं.

दादा मापक घेऊन आला. महाबळेश्वरला जे भरून सांडलं होतं त्याच्या चौथ्या हिश्शाइतकंही पाणी त्यात नव्हतं. आबांनी ते हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि त्याच्याकडे फार न बघता रानात गेले. पायाने ढेकूळ दाबून पाहिलं, वाकून माती मुठीत दाबली, मूठ उघडून पाहिली.

"उद्या दुपारपातूर वाफसा येईल," ते मुलाला म्हणाले. "पाभर काढ बाहेर. ऱ्हायलेल्या निम्म्या रानात बाजरी पेरून घिऊ. खालच्या पट्टीला हात लावू नगंस, ती शाळवाला ठेवायची."